निवेदन दिलं, फोटोही काढला. तरतूद का वाढली नाही?

कला-संस्कृतीसाठी राज्य सरकारकडे पैसे मागणाऱ्या संस्थांची पत्रं या वेळी जास्त होती. त्यांतली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आम्ही तालुक्यातल्या पाच हौशी नाट्यसंस्था मिळून तीन वर्षं दर फेब्रुवारीत मंत्र्यांना निवेदन देतो. मागणी एकच, राज्य नाट्य स्पर्धेतल्या संघांना मिळणारा खर्च वाढवा. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं उत्तरही येतं, पण मार्चच्या अर्थसंकल्पात काहीच दिसत नाही. चुकतं कुठे? (एक नाट्यसंस्था, सांगली जिल्हा)

पहिली चूक महिन्याची. फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची पुस्तकं जवळजवळ छापायला गेलेली असतात. पुढच्या वर्षाचे अंदाज खात्यांकडून पावसाळा सरता सरता मागवले जातात. मग संचालनालय, विभाग, वित्त विभाग असा त्यांचा प्रवास हिवाळाभर चालतो. म्हणून तुमचं पत्र ऑगस्टअखेर सांस्कृतिक कार्य संचालनालयात पोचलं पाहिजे आणि त्याची प्रत मंत्रालयात सांस्कृतिक कार्य विभागाच्या संबंधित कार्यासनाला, म्हणजे तो विषय पाहणाऱ्या टेबलाला, गेली पाहिजे. मंत्र्यांना जरूर भेटा, फोटोही काढा. पण टिपणी लिहितो तो कक्ष अधिकारी, आणि त्याच्या फाइलला लागेल असा कागद तुम्ही दिलेला नसतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. दर आणि तरतूद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका संघाला किती रक्कम द्यायची हे शासन निर्णयाने ठरतं, एकूण किती पैसे ठेवायचे हे अर्थसंकल्पाने. दर तोच ठेवून तरतूद वाढली, तर जास्तीचे पैसे मार्चअखेर परत जातात. वर पुढच्या वर्षी वित्त विभाग विचारतो, आधीचे खर्च झाले नाहीत, मग आणखी कशाला? तेव्हा आधी शासन निर्णयात सुधारणा मागा. तिला वित्त विभागाची सहमती लागते आणि खरा वेळ तिथेच जातो.

पत्र एका पानाचं ठेवा. पहिल्या ओळीत सध्याच्या शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक. मग आजचा दर, मागितलेला दर आणि तो का, याचा चार ओळींचा हिशेब : नेपथ्य, टेम्पोभाडं, प्रकाशयोजना, तालमीची जागा, प्रत्येकाचं खरं बिल जोडून. शेवटी राज्यभराचा बोजा. समजा 400 संघ आणि प्रत्येकी 10,000 रुपये वाढ, तर वर्षाला 40 लाख. हा आकडा तुम्ही काढून दिला नाहीत तर तो काढण्याचं काम कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतं. ‘महाराष्ट्राच्या वैभवशाली नाट्यपरंपरेला’ वगैरे परिच्छेद सरळ गाळा, आणि एका पत्रात चौदा मागण्या घालू नका. चौदांपैकी जी सर्वांत सोपी आणि बिनखर्चाची असेल तिलाच उत्तर येतं.

नेमकी मागणी म्हणजे काय, याचा अलीकडचा नमुना वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा आहे. अ, ब, क अशा श्रेणींप्रमाणे महिन्याला 3,150, 2,700 आणि 2,250 रुपये मिळत होते. 2024 मध्ये श्रेणी जाऊन सरसकट 5,000 रुपये झाले. योजना कोणती, आजचा आकडा किती, हवा किती, हे तिथे बोट ठेवून दाखवता येत होतं.

प्रश्न : अर्थसंकल्पात कलेसाठी नेमके किती पैसे आहेत, हे आम्ही कुठे पाहायचं? वर्तमानपत्रातले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. (एक वाचक, नाशिक)

जुळणार नाहीत. ‘कला व संस्कृती’ या प्रधान शीर्षाचा, म्हणजे खर्चाच्या मुख्य गटाचा, क्रमांक 2205. पण त्याच्या पोटात सार्वजनिक ग्रंथालयं, पुरातत्त्व, पुराभिलेख आणि वस्तुसंग्रहालयंही येतात. ग्रंथालयांचा कारभार तर उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहे. नाटक, लोककला, स्पर्धा, महोत्सव यांसाठी त्यातलं गौण शीर्ष, म्हणजे पोटगट, 102 पाहायचं. नाट्यगृहाच्या बांधकामाचा पैसा भांडवली (इमारतींसारख्या टिकाऊ मालमत्तेच्या) खर्चात, 4202 या शीर्षाखाली असतो. बातमीत हे सगळं एकत्र होतं आणि मग ‘संस्कृतीला भरघोस निधी’ असा मथळा येतो.

राज्याच्या संकेतस्थळावरच्या अर्थसंकल्पीय पुस्तकात प्रत्येक योजनेसमोर चार आकडे असतात : मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, त्याचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. पहिल्यांदा प्रत्यक्ष खर्च पाहा. तो तरतुदीपेक्षा बराच कमी असेल तर ‘तरतूद वाढवा’ ही मागणी उलटते. तिथे ‘आहे ती वेळेवर सोडा’ असं म्हणणंच शहाणपणाचं.

प्रश्न : अनुदान मंजूर आहे, तरी दोन वर्षं ‘निधी आला नाही’ एवढंच ऐकतो. (एक लोककला संस्था, सोलापूर जिल्हा)

अर्थसंकल्पातली रक्कम म्हणजे खात्यात आलेले पैसे नव्हेत. वित्त विभाग निधी टप्प्याटप्प्याने सोडतो. कोणत्या शीर्षाखाली किती तरतूद होती आणि किती वितरित झाली, हे ‘बीम्स’ या राज्य सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर कळतं. तिथे वितरण शून्य असेल तर भांडण मंत्रालयात. वितरण झालंय आणि तुमच्यापर्यंत आलं नाही, तर बहुधा तुमच्याच कागदात काही अडलंय.

आधीच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, दिलेलं नसतं. लेखापरीक्षण धर्मादाय कार्यालयात दाखल नसतं. सगळ्यांत जास्त वेळा आढळणारी अडचण बदल अर्जाची, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवण्याची : नवी कार्यकारिणी आली, 90 दिवसांत बदल अर्ज गेला नाही, आणि परिशिष्ट एकवर (तिथल्या नोंदणीच्या उताऱ्यावर) दिवंगत अध्यक्षांचं नाव तसंच आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निधी येतो तेव्हा असे प्रस्ताव बाजूला पडतात, कारण 31 तारखेनंतर ते पैसे राहत नाहीत.

तोंडी उत्तर मिळत असेल तर माहितीचा अधिकार वापरा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘अनुदान का दिलं नाही’ असं विचारू नका, कारण या कायद्याने कागदावरची माहिती मिळते, ‘का’चं उत्तर नाही. ‘अमुक क्रमांकाच्या प्रस्तावावरील टिपणीच्या प्रती द्याव्यात’ असं लिहा.

प्रश्न : आमचे आमदार नाटकवेडे आहेत. सभागृहात ते नेमकं काय करू शकतात? (एक रंगकर्मी, रत्नागिरी)

विभागाच्या अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेल्या रकमांवर, चर्चा असते तेव्हा ते 100 रुपयांची कपात सूचना देऊ शकतात. त्यातून 100 रुपये कापले जात नाहीत, तुमचा विषय कामकाजाच्या कागदावर येतो. मात्र चर्चेचा वेळ संपला की उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मंजूर होतात, तेव्हा भाषणाच्या भरवशावर राहू नये. तारांकित प्रश्न जास्त कामाचा, कारण मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि उत्तरासाठी फाइल उघडावी लागते. मंत्री ‘तीन महिन्यांत निर्णय घेऊ’ म्हणाले तर ती तारीख टिपून ठेवा. सभागृहातल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते.

मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होतं. पण साहित्य, कला, शास्त्र, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतून राज्यपालनियुक्त 12 सदस्य येतात ते विधान परिषदेत. त्यांना पत्र लिहायचं बहुतेकांना सुचतच नाही.

प्रश्न : सरकारच्या मागे लागण्यापेक्षा कंपन्यांचा सीएसआर बरा नाही का? (एक वाचक, ठाणे)

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायचा खर्च. मिळाला तर घ्या. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या परिशिष्टात कला आणि संस्कृती आहेच. पण तो पैसा बहुधा कंपनीच्या कारखान्याच्या आसपास फिरतो आणि एका प्रकल्पापुरता असतो. नाट्य आणि मनोरंजन हा विषय घटनेच्या राज्यसूचीत, म्हणजे राज्यांकडच्या विषयांच्या यादीत, नोंद 33 मध्ये आहे. त्यामुळे दार राज्याचंच ठोठवायचं.

प्रश्न : ‘शेतकऱ्याला द्यायला पैसे नाहीत आणि तमाशाला कशाला?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? (एक फडमालक, पुणे जिल्हा)

परंपरेचं उत्तर देऊ नका, हजेरीपट दाखवा. तमाशाच्या मोठ्या ढोलकी-फडात कलाकार, वादक, तंबूवाले, चालक, आचारी धरून शंभराच्या वर माणसं असतात आणि त्यांतली बरीचशी शेतमजुरांच्याच घरातली. हंगाम दसऱ्यापासून उन्हाळ्यातल्या जत्रांपर्यंत. पावसाळ्यात हात रिकामे, आणि कलाकारांना द्यायची उचल (आगाऊ रक्कम) सावकाराकडून व्याजाने आणलेली. तेव्हा अनुदान ऑक्टोबरच्या आत मिळावं, एवढी एक अट मागा. तीच रक्कम मार्चमध्ये आली तर ती व्याजात जाते.

काही मागण्यांना तर सरकारचा पैसाही लागत नाही. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद, पण वर्षातले 15 दिवस 12 वाजेपर्यंत सूट देता येते. ते दिवस जिल्हावार ठरतात. तुमच्या पट्ट्यातल्या मोठ्या जत्रांच्या तिथी इंग्रजी तारखांसह लिहून वर्ष सुरू होण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात द्या.