तोट्यातला हॉकी संघ दुसऱ्या शहरात हलवला की सावरतो का?

तुम्ही विचारलंय की ॲरिझोना कोयोटीज हा एनएचएलचा, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगचा, संघ इतकी वर्षं तोट्यात कसा चालला, लीगनं तो आधीच का हलवला नाही, आणि वाळवंटातल्या शहरात आइस हॉकी चालणारच नव्हती हे खरं का. शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो: खरं नाही. मी फिनिक्सच्या पूर्वेला चँडलरमध्ये राहतो आणि या संघाच्या मॅचेस जाऊन बघत आलोय. 'वाळवंटात बर्फ कसला टिकणार' असं कोणी म्हटलं की मनापासून वाईट वाटतं, कारण संघ गेला तो अरीनाच्या जागेपायी, भाडेकरारापायी आणि एकामागून एक आलेल्या मालकांपायी.

आधी पैशाचं गणित. एनएचएलचा संघ एका हंगामात चाळीसहून थोड्या जास्त मॅचेस घरच्या मैदानावर खेळतो. तिथल्या टीव्ही हक्कांचा पैसा अमेरिकन फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या मानानं बराच कमी, त्यामुळे तिकिटं, कंपन्यांनी घेतलेले बॉक्स, पार्किंग, खाणंपिणं यांवर संघ जगतो. मॅच नसते त्या दिवशी त्याच इमारतीत कॉन्सर्ट होतात, त्यांचं भाडं येतं. म्हणजे इमारत ज्याच्या हातात, कमाईचा मोठा भाग त्याचा. आयपीएलमध्ये टीव्हीचा पैसा सगळ्या संघांत वाटला जातो आणि घरच्या मॅचेस सात-आठच असतात, म्हणून आपल्याला हा हिशोब सहज लक्षात येत नाही. तरी पुणे वॉरियर्स आठवून बघा. तो संघ गेला तेव्हा पुण्यात क्रिकेट बघणारे कमी झाले नव्हते, फ्रँचायझी फीवरून सहारा आणि बीसीसीआय यांचं बिनसलं होतं.

कोयोटीज मुळात कॅनडातल्या विनिपेगचा संघ. कॅनडाचा डॉलर घसरलेला, खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये आणि जुनं अरीना, या तिन्हीमुळे तो १९९६ मध्ये फिनिक्सला आला. शहराच्या मध्यभागी जे अरीना मिळालं ते बास्केटबॉलसाठी बांधलेलं होतं. हॉकीचं रिंक जास्त लांब असतं, त्यामुळे एका बाजूच्या वरच्या खुर्च्यांवरून एक गोल दिसायचाच नाही. मग डिसेंबर २००३ मध्ये संघ ग्लेनडेलच्या नव्या अरीनात गेला. इमारत सुंदर होती, बर्फ सगळीकडून नीट दिसायचा, पण ती शहराच्या पश्चिम टोकाला. हॉकीची तिकिटं घेणारा वर्ग मुख्यतः पूर्वेकडे: स्कॉट्सडेल, टेंपी, मेसा, गिल्बर्ट, चँडलर. मंगळवारी संध्याकाळी सातची मॅच गाठायची तर ऑफिस सुटायच्या ट्रॅफिकमध्ये आय-१० महामार्गावरून पन्नास-पंचावन्न किलोमीटर जायचं, आणि मुलांना दुसऱ्या दिवशी शाळा. शनिवारी अरीना भरलेलं आणि मंगळवारी ओस, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. बाहेरच्या पत्रकारांनी रिकाम्या खुर्च्यांचे फोटो छापले, नकाशा मात्र क्वचितच छापला.

मे २००९ मध्ये मालक जेरी मोयस यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्लॅकबेरीवाले जिम बाल्सिली २१ कोटी २५ लाख डॉलर द्यायला तयार होते. अट ही की संघ ओंटारियोतल्या हॅमिल्टनला न्यायचा. लीगनं कोर्टात जोरदार विरोध केला. मालक कोण आणि संघ कुठे हे लीग ठरवणार, दिवाळखोरीच्या कोर्टाच्या मागच्या दारानं कोणी संघ पळवून नेणार नाही, असं लीगचं म्हणणं होतं. न्यायाधीश बॉम यांनी बाल्सिलींची बोली फेटाळली आणि अखेर लीगनं स्वतःच १४ कोटी डॉलरना संघ विकत घेतला. इथे लीग बरोबर होती असं मला अजून वाटतं. ही वाट एकदा मोकळी झाली असती तर कुठल्याही शहराला आपल्या संघाची खात्री उरली नसती.

पुढे जे झालं त्याचं समर्थन मात्र करता येत नाही. संघ जाऊ नये म्हणून ग्लेनडेल शहरानं अरीना चालवण्याच्या खर्चापोटी लीगला लागोपाठ दोन हंगाम अडीच-अडीच कोटी डॉलर दिले. २०१३ मध्ये नवे मालक आले, त्यांना वर्षाला दीड कोटी असा १५ वर्षांचा करार मिळाला. २०१५ मध्ये सिटी कौन्सिलनं हितसंबंधांच्या संघर्षाविरुद्धच्या कायद्याचा आधार घेऊन तो करार मोडला आणि नंतर ६५ लाखांवर दोन वर्षांची तडजोड झाली. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये ग्लेनडेलनं सांगितलं की २०२१-२२ च्या हंगामानंतर करार वाढवणार नाही. करदात्यांच्या पैशावर एक मध्यम आकाराचं शहर किती वर्षं हॉकी संघ पोसणार? मी संघाचा चाहता असूनही या बाबतीत ग्लेनडेलच्या बाजूनं आहे.

याच काळात, म्हणजे २०१२ मध्ये, लीगच्याच मालकीचा हा संघ वेस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाच्या, फायनलपर्यंत पोचला होता, हे विसरू नका. कॅप्टन होता शेन डोन, जो विनिपेगहून संघासोबत आला आणि २०१७ पर्यंत याच संघात राहिला. त्या वसंतात ग्लेनडेलचं अरीना खच्चून भरायचं.

आता पगाराच्या मर्यादेबद्दल, कारण हा भाग फारसं कोणी समजावून सांगत नाही. २००४-०५ चा अख्खा हंगाम पगाराच्या वादावरून मालकांनी केलेल्या टाळेबंदीत गेल्यावर सॅलरी कॅप आली, आणि गरीब संघांना आधार मिळेल असं सांगितलं गेलं. पण कॅपला खालचीही मर्यादा असते, आणि दोन्ही मर्यादा लीगच्या एकूण उत्पन्नाबरोबर वर जातात. पहिल्या वर्षी कमाल मर्यादा ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०१०-११ मध्ये किमान मर्यादाच ४ कोटी ३४ लाखांवर गेली. टोरांटो, न्यूयॉर्क, माँट्रियल यांनी जास्त कमावलं की फिनिक्सला जास्त खर्च करणं भाग. यातून कोयोटीजनं पळवाट काढली: जे खेळाडू आता खेळणारच नाहीत त्यांचे करार दुसऱ्या संघांकडून घ्यायचे. कागदावर रक्कम मोजली जाते, खिशातून कमी जाते. ख्रिस प्राँगरचा करार असाच आला. २०१५ मध्ये त्याचा हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या यादीत, समावेश झाला तेव्हा तो कागदोपत्री आमचा खेळाडू होता. पावेल डॅटस्यूक रशियाला परत गेला, त्याचाही करार इकडे. वर्षानुवर्षं अशा जमवाजमवीवर चालणाऱ्या संघाला मंगळवारी कोण येणार?

ग्लेनडेल सुटल्यावर संघ टेंपीतल्या विद्यापीठाच्या छोट्या अरीनात गेला. तिथे जेमतेम ४,६०० प्रेक्षक मावायचे. खेळ इतक्या जवळून दिसायचा की तसा अनुभव एनएचएलमध्ये दुसरीकडे कुठे मिळाला नसता, पण त्यावर संघाचं पोट भरणं शक्यच नव्हतं. टेंपीतच जुन्या कचरा डेपोच्या जागेवर २१० कोटी डॉलरचा अरीना आणि वसाहतीचा प्रकल्प मांडला गेला. मे २०२३ मध्ये मतदारांनी सुमारे ५६ टक्क्यांनी तो नाकारला. तिथेच सगळं संपलं. १७ एप्रिल २०२४ ला शेवटची मॅच झाली, एडमंटनला ५-२ हरवलं, आणि लगेच संघ यूटा जॅझ या बास्केटबॉल संघाचे मालक रायन स्मिथ यांच्याकडे १२० कोटी डॉलरना गेला आणि सॉल्ट लेक सिटीला हलला.

१४ कोटींवरून १२० कोटी, पंधरा वर्षांत. तोट्यातले संघ मालक का सोडत नाहीत, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. दरवर्षीचा तोटा वेगळा आणि फ्रँचायझीची किंमत वेगळी.

मग हलवल्यानं सावरतो का? अटलांटाचा थ्रॅशर्स हा एनएचएलचा संघ २०११ मध्ये विनिपेगला गेला. अटलांटाच्या मालकांना बास्केटबॉल संघ आणि अरीना ठेवायचं होतं, हॉकी नको होती, आणि स्थानिक खरेदीदार कोणी पुढे आला नाही. विनिपेगमध्ये संघ आणि अरीना एकाच मालकाचे. सुरुवातीला १३,००० सीझन तिकिटं बघता बघता संपली. तरी २०२३-२४ पर्यंत तो आकडा साडेनऊ हजारांच्या आसपास घसरला होता, आणि ते शहर तर हॉकीवेडं. सॉल्ट लेक सिटीतही अरीना मुळात बास्केटबॉलचंच, तिथेही काही खुर्च्यांवरून एक गोल दिसत नव्हता. फरक हा की इमारत आणि संघ दोन्ही स्मिथ यांचे, आणि त्या भागाच्या विकासासाठी शहरानं विक्रीकर अर्ध्या टक्क्यानं वाढवायला मंजुरी दिली. याउलट पिट्सबर्गचा संघ १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्या संघाचा जुना स्टार खेळाडू मारियो लेम्यूनं आपला थकलेला पगार भागभांडवलात बदलून संघ वाचवला, २००७ मध्ये कॅन्सस सिटीला जायची चर्चा होऊन अखेर नव्या अरीनाचा करार झाला, आणि संघ जागचा हलला नाही.

तेव्हा एखादा संघ जाणार अशी बातमी वाचलीत तर प्रेक्षकसंख्येच्या आधी भाडेकरार कधी संपतो, इमारत कोणाची आणि त्याच शहरात खरेदीदार आहे का, हे बघा.

फिनिक्सला पुन्हा संघ मिळावा असं मला फार वाटतं. ऑस्टन मॅथ्यूज स्कॉट्सडेलमध्ये कोयोटीज बघत वाढला आणि २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडला गेला. एनएचएलमधला मॅथ्यू नाइजही इथलाच. डोनचा मुलगा जॉश शेवटच्या हंगामात कोयोटीजसाठी खेळला. आमच्या भागातल्या रिंकवर भल्या सकाळी सरावाला येणाऱ्या मुलांत आता देशपांडे आणि पाटीलही दिसतात. पण नवा संघ आणायचाच असेल तर आधी पूर्वेकडे अरीना बांधा, ते मालकाच्या स्वतःच्या पैशानं बांधा, आणि मगच लीगकडे अर्ज करा.