आधी फळी, मग फ्लेक्स

पोरी,

तुझ्या टॅप नाचाच्या रात्रीला दुसऱ्या महिन्यात माणसं निम्म्यावर आली म्हणून मोठा हॉल घ्यायचा, मोठे स्पीकर लावायचे, दसरा चौकात फ्लेक्स टांगायचा म्हणतेस. थांब. मागच्या रांगेत तुझे पाय ऐकू आले का, तेवढं सांग. टॅप, म्हणजे बुटाच्या तळाला धातूचा नाल लावून केलेला नाच, हे वाद्य आहे. जे वाद्य ऐकूच येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्यांदा कोण घराबाहेर पडेल?

तुझ्या हॉलला टाइल्स, खाली स्लॅब. तिथं बुटाचा नाल नुसता टचटच करतो, पाय सटकतो आणि रात्री नडग्या ठणकतात. १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे ८ बाय ४ फुटांचे दोन तक्ते घे. जोडले की ८ बाय ८ चा चौक होतो. खाली दर फुटावर २ बाय १ इंचाच्या लाकडी पट्ट्या, पट्ट्यांना खालून रबर. मधल्या पोकळीमुळं आवाजाला घुमारा येतो. स्क्रूची डोकी लाकडात बुडालेली हवीत, नाहीतर नाल अडकून तोंडावर पडशील. आणि पावसाळ्यात तक्ते भिंतीला टेकवून ठेवू नकोस, वाक धरतात, आडवे ठेव.

माइक कमरेएवढा उंच कशाला? दोन माइक फळीच्या पुढच्या कडेला, जमिनीलगत, स्पंजवर. थेट फळीवर टेकवलेस तर नुसती धमक येईल. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाक.

आता बँड. लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाले गावातच आहेत, त्यांना घेतलंस हे फार चांगलं केलंस. पण त्यांचा हात वरातीचा. त्यांना स्टॉप-टाइम घोटायला लाव: बारच्या, म्हणजे चार मात्रांच्या घराच्या, पहिल्या मात्रेवर एक ठोका, मग गप्प. त्या गप्पेतच पाय ऐकू येतात! ड्रमवाल्याच्या काठ्या काढून घे, ब्रश दे. हायहॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) आणि नाल दोघांचा आवाज बारीक, हायहॅट नालाला खातो. ‘मग बँड फिका वाटतो’ म्हणशील. वाटू दे. मला या बाबतीत हट्टी म्हणतात, म्हणोत. मोठ्या आवाजापुढं मान तुकवली त्याचीच हळहळ अजून आहे, हट्टाची नाही.

‘ट्रेडिंग फोर्स’, म्हणजे चार-चार बारची देवाणघेवाण, रोज घोटा. चार बार तुझे, चार ड्रमचे. सवाल-जवाब ऐकून वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ३२ बारचं चक्र मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत ४८ सेकंदांत संपतं. एकीला तीन चक्रं पुरेत. आपली माणसं टाळी समेवर देणार, तिनं नाचणारी चुकते. दोन आणि चारवर टाळी कशी द्यायची ते सुरुवातीलाच करून घे.

शेवटी शिम शॅम. १९२० च्या दशकापासून चालत आलेलं ३२ बारचं हे नृत्य सगळ्यांनी मिळून करायचं असतं. प्रेक्षकांना फळीवर बोलाव, पाच-पाच जण. टॅपचे बूट नसले तरी चालतील. कातडी तळाची कोल्हापुरी चप्पल प्लायवर खणखणीत वाजते. स्वतःचा पाय एकदा ऐकलेला माणूस पुढच्या महिन्यात शेजाऱ्याला घेऊन येतो.

पुढची रात्र महिन्याच्या त्याच शनिवारी, त्याच जागी. सुताराकडून पट्ट्यांची मापं आली की पाठव, प्लाय कापायच्या आधी मला बघू दे.