ब्रेकअपचं गाणं बंद करायचं, की ऐकू द्यायचं?

"दिवसभर रडकी गाणी ऐकत बसतो, त्यानं डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न घेऊन इतके आईवडील येतात, की उत्तर एकदा लिहूनच काढावं असं ठरवलं. कधी मुलगा असतो, कधी मुलगी. गाणं बहुतेक वेळा हिंदी असतं, यावेळी इंग्रजी होतं. मुलीची परवानगी घेतली आहे आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

मुलगी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. कॉलेजपासूनचं नातं नुकतंच तुटलेलं. आई आधी एकटीच आत आली.

"काय सांगू ताई, कानात ते घालून बसतीया. एकच गाणं. जेवायला हाक मारली तर ओ देत नाही. मोबाईल काढून घेतो म्हटलं, तर दोन दिवस बोलली नाही. तुम्ही तरी सांगा तिला, बंद कर म्हणून."

मी तसं काही कबूल केलं नाही. गाणं कोणतं ते विचारून घेतलं आणि रात्री घरी नीट ऐकलं. लेव्हे नावाच्या गायिकेचं ‘प्रॉमिस’. ही मुलगी 1999 साली आइसलँडमध्ये जन्मली, आई चिनी, व्हायोलिन वाजवणारी. स्वतः चेलो आणि पियानो शिकली, बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातून बाहेर पडली. हे गाणं असलेल्या तिच्या 2023च्या अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. जुन्या जॅझचा हळवा, रेंगाळणारा सूर आणि आजच्या पोरींची भाषा, असं तिचं गाणं. यात ती त्याच्यापासून लांब राहायचं स्वतःला वचन देते, सोळा दिवस फोन करत नाही आणि शेवटी मोहापुढे आपण हरणारच असं म्हणते. मला गाणं आवडलं. अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात विरहाच्या सुरांना बिचकायचं काही कारण नाही, हे मी पुढच्या भेटीत आईलाही सांगितलं.

मुलीला विचारलं, "हे गाणं तुला काय सांगतं?"

"हेच की, कितीबी ठरवा, शेवटी हरायचंच. मी पण थांबलो होतो मॅडम. मग केलाच मेसेज."

"बरं. गाणं संपलं की काय करतेस?"

"परत लावतो."

"आणि परत लावायच्या आधी?"

ती ओढणीचं टोक गुंडाळत बसली. मग म्हणाली, "त्याचा डीपी बघतो. लास्ट सीन बघतो. मग इन्स्टावर जातो, त्याच्या फोटोला कोणी कोणी लाईक केलंय ते बघतो. जुनं चॅट वाचतो."

"किती वेळ?"

"तास जातो. कधी दोन."

आईला जे दिसत होतं ते चारेक मिनिटांचं गाणं. मुलीला पोखरत होता तो त्यानंतरचा तास. ‘माझ्यातच काय कमी होतं’, ‘त्या दिवशी मी तसं बोललो नसतो तर’, हे त्या तासात पुनःपुन्हा घोळत राहायचं. म्हशीचा रवंथ निदान चारा तरी पचवतो. मनाच्या रवंथातून काहीच पचत नाही, फक्त दमणूक होते. दुःखी गाणं ऐकून रडू येणं आणि असा रवंथ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरच्यांची गल्लत इथेच होते.

मधल्या भेटींत आम्ही एवढंच केलं: गाणं ऐकायचं, पण स्पीकरवर, पूर्ण, आणि ते चालू असताना आणि नंतरचा अर्धा तास फोन स्वयंपाकघरात आईजवळ. पहिले काही दिवस तिला ते फार जड गेलं. एकदा फोन घ्यायला गेली आणि आईशी भांडून बसली. मी तिला सांगितलं, ओढ वाटू दे, ओढ वाटणं म्हणजे हरणं नव्हे.

मग एका दुपारी माझ्या खोलीत आम्ही दोघींनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाच्या तोंडाशी वाक्यं येतात, मोठी शहाणी वाक्यं. ती गिळायला मला बरीच वर्षं लागली, पण आता जमतं. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू होते. बऱ्याच वेळानं ती म्हणाली,

"मॅडम, एक गोष्ट आहे."

"हं."

"ती म्हणते की मी हरते. पण हे म्हणत असताना ती त्याला फोन करत नाहीय. गातीय."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे तिनं बसून ते लिहिलं असेल. चाल लावली असेल, दहा वेळा खोडलं असेल. तेवढा वेळ तर ती त्याच्याकडं गेली नाही ना. आणि आता हजार लोकांसमोर म्हणते. हरलेल्या माणसाला हे कसं जमेल?"

त्या दिवशी ती रडली, पण ते रडणं वेगळं होतं. खांदे सैल सोडून, पाठ टेकून रडली आणि मग स्वतःच पाणी मागितलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझं काम उभं आहे. घटना आपल्याला जेवढी पाडते, त्याहून जास्त पाडतं ते तिच्याबद्दल आपण स्वतःशी करत असलेलं बोलणं, हे त्यांचं म्हणणं मी रोज खरं होताना बघते. या मुलीनं गाण्यातून एकच ओळ उचलली होती आणि तिचा नियम करून टाकला होता: मी हरणारच. तोच नियम तिनं त्याच गाण्याच्या आधारानं खोडला. मी गाणं बंद करायला लावलं असतं तर नियम तसाच राहिला असता, आणि आईबद्दलचा राग वर.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे, इअरफोन हिसकावू नका. ‘त्यात काय एवढं, दुसरा मिळेल’ हे तर मुळीच म्हणू नका. मुलांना ते दुःखाचा अपमान केल्यासारखं लागतं. शेजारी बसा आणि म्हणा, मला पण ऐकव. इंग्रजी कळत नसेल तर अर्थ विचारा. या आईनं विचारला. लेकीनं ओळ न् ओळ मराठीत सांगितली आणि जे महिनाभर आईला सांगता आलं नव्हतं ते त्या निमित्तानं सांगून टाकलं. आई मला म्हणाली, "मला वाटलं होतं नुसतं फॅड आहे. पोरगी आतनं एवढी भाजलीय हे कळलंच नव्हतं ओ."

आणि तरुण मुलामुलींना सांगते: ऐका, मनसोक्त ऐका. फक्त गाणं संपल्यावर हात कुठे जातो तेवढं बघा. जुनं चॅट पुसायचं नसेल तर नका पुसू, पण आर्काइव्ह करा. गाण्यानंतर वहीत चार ओळी लिहा, वाईट लिहिल्या तरी चालतील.

काही गोष्टींकडे मात्र काणाडोळा नको. दोन आठवडे उलटले तरी झोप आणि जेवण ताळ्यावर येत नसेल, अभ्यास-काम पार सुटलं असेल, मित्रमैत्रिणींशी बोलणं बंद झालं असेल, तर गाण्यावर वाद घालत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मरणाची भाषा आली, लिहिण्यात किंवा सहज बोलण्यातही, तर त्याच दिवशी जा आणि त्या मुलाला एकटं ठेवू नका. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

ही मुलगी अजून महिन्यातून एकदा येते. गाणं अजून ऐकते. गेल्या भेटीत सांगत होती की त्याची आठवण रविवारी जास्त येते, म्हणून रविवारी सकाळी मैत्रिणीबरोबर रंकाळ्यावर चालायला जाते. मेसेज केला नाहीस ना, असं आई रोज विचारायची, ते आता आईनं सोडून दिलंय.