हायबर्नेशनमध्ये झोप आहेच कोठे?

सांगलीच्या एका वाचकाने विचारले आहे की हायबर्नेशनला, म्हणजे काही प्राणी शरीराचे व्यवहार मंदावून हिवाळा काढतात त्याला, ‘शीतनिद्रा’ म्हणावे की ‘शीतनिष्क्रियता’, आणि कृष्णाकाठचे बेडूक उन्हाळ्यात जमिनीत गाडून घेतात त्यालाही शीतनिद्राच म्हणावे काय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तो बेडूक थंडीपासून नव्हे, तर कोरडेपणापासून जीव वाचवत असतो आणि त्यासाठी ‘ग्रीष्मसुप्ती’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहे. राहता राहिली शीतनिद्रा. ‘प्रशासन शीतनिद्रेत’ हा मथळा वाचून ज्यांचे डोळे शिणले आहेत, त्यांत मीही आहे. आळसासाठी कुंभकर्ण पुरेसा असताना त्या कष्टाळू प्राण्यांची बदनामी कशासाठी?

कष्टाळू हे विशेषण मी विचारपूर्वक वापरले आहे. अलास्कातील आर्क्टिक भूखार ही जमिनीत राहणारी खार वर्षातील सात-आठ महिने बिळात काढते. त्या काळात तिच्या शरीराचे तापमान उणे 2.9 अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद 1989 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तरीही तिचे रक्त अतिशीत होऊन, म्हणजे गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठता, द्रवच राहते. दर दोन-तीन आठवड्यांनी ती साठवलेली चरबी जाळून अंग पुन्हा सुमारे 36-37 अंशांपर्यंत तापवते आणि दिवसभराच्या आत परत थंड होते. या उबेच्या अवधीतला बराचसा वेळ ती चक्क झोपते. म्हणजे जिला आपण निद्रा म्हणतो, तिच्यातून हा प्राणी झोपण्यासाठी बाहेर येतो! उत्तर अमेरिकेतील वुड फ्रॉग तर याच्याही पुढे जातो. त्याच्या शरीरातील जवळजवळ 65 टक्के पाण्याचा बर्फ होतो, हृदय थांबते, श्वास थांबतो. मात्र त्याआधी यकृत ग्लुकोजचा पूर सोडते, त्यामुळे बर्फ पेशींच्या बाहेर राहतो आणि वसंतात बेडूक उड्या मारू लागतो. एवढा खटाटोप करणाऱ्यास ‘निष्क्रिय’ ठरवणाऱ्या परिभाषाकारांनी यकृताची बाजू ऐकून घेतलेली दिसत नाही.

आता मूळ शब्दाकडे वळू, कारण खरी गंमत तेथे आहे. लॅटिनमध्ये ‘हिएम्स’ म्हणजे हिवाळा, ‘हिबेर्नुस’ म्हणजे हिवाळी आणि ‘हिबेर्नारे’ म्हणजे हिवाळा काढणे. रोमन सैन्याच्या हिवाळी तळाला ‘हिबेर्ना’ म्हणत. यात झोपेचा लवलेशही नाही. हा ‘हिएम्स’ आपल्या ‘हिम’ आणि ‘हेमंत’ या शब्दांचा सख्खा भाऊबंद असून त्याच ‘हिम’चे मराठीत ‘हिंव’ झाले, ज्यातून आपला हिवाळा आणि अंगात हिंव भरणारा हिवताप आला. तेव्हा ज्या अर्थाने रोमन सैनिक ‘हिबेर्नारे’ करीत, त्याच अर्थाने मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करून राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करीत. त्या छावणीला झोप म्हणण्याचे धाडस साताऱ्याच्या गादीसमोर कोणी केले नसते.

म्हणून माझी सूचना ‘हेमंतवास’ अशी आहे. तिला ‘वर्षावास’ या जुन्या शब्दाचा आधार आहे: बौद्ध भिक्षू पावसाळ्यात प्रवास थांबवून एका जागी राहत, आणि कराडजवळच्या आगाशिवच्या लेण्यांतील विहार पाहिले की अशा मुक्कामाची कल्पना येते. ऋतू, मुक्काम आणि त्यानंतर पुन्हा निघणे, हे तिन्ही अर्थ या साच्यात आपोआप बसतात.

हेमंत तर मार्गशीर्ष-पौष एवढाच, मग सात महिन्यांच्या मुक्कामाला तो कसा पुरेल, असा आक्षेप काही जाणकार घेतील. चातुर्मासातही सगळे चार महिने पाऊस पडत नाही, हे माण-खटावच्या कोणत्याही शेतकऱ्याने त्यांना सांगितले असते.