फौजदारी कायदा शिकून झाल्यावर ‘शिक्षा आणि समाज’ हा विषय वेगळा का घ्यावा?

तुमचा प्रश्न असा, की गुन्हे, कलमं, शिक्षेच्या मुदती सगळं शिकून झालंय, मग या ऐच्छिक विषयात प्राध्यापक नवीन काय शिकवतात आणि संशोधन तरी कशावर करतात. मी हा विषय बरीच वर्षं शिकवतोय, त्यामुळे माझं मत थोडं पक्षपाती धरून चाला. (आणि हो, नाव वाचून दरवर्षी दोनतीन जण शिक्षणशास्त्राचा वर्ग समजून येऊन बसतात.)

अमुक गुन्ह्याला अमुक वर्षं, हे कायदा सांगतो. ती वर्षं कुणी आणि कशावरून ठरवली, हा आमचा प्रश्न. ‘गुन्हे वाढले म्हणून शिक्षा वाढली’ इतकं ते सरळ असतं तर माझी नोकरीच राहिली नसती.

फिनलंड बघा. १९५० च्या सुमारास तिथे दर लाख लोकसंख्येमागे जवळजवळ १९० कैदी होते, शेजारच्या नॉर्वे-स्वीडनपेक्षा कितीतरी जास्त. शतक संपताना हा आकडा ६० च्या आसपास आला. मधल्या काळात त्यांनी चोरीच्या शिक्षा खाली आणल्या, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना सरसकट तुरुंगात धाडणं थांबवलं, सशर्त शिक्षा (अटी पाळल्या तर तुरुंग टळतो अशा) वाढवल्या. यामुळे गुन्हे बोकाळले का? नाही. तिथल्या गुन्ह्यांचा आलेख शेजाऱ्यांसारखाच वरखाली होत राहिला, आणि शेजाऱ्यांनी तर एवढी काटछाट केलीच नव्हती. आता अमेरिका. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे दर लाखामागे साधारण १०० जण तुरुंगात होते, २००७ पर्यंत सुमारे ५००, आणि यात स्थानिक कोठड्यांमधली माणसं धरलेलीच नाहीत. गंमत म्हणजे १९९० च्या दशकात तिथले गुन्हे घटायला लागले, तरी तुरुंग भरतच राहिले.

मग ठरवतं कोण? रुशे आणि किर्खहायमर या जर्मन अभ्यासकांनी १९३९ मध्ये मजुरांच्या बाजाराकडे बोट दाखवलं: तुरुंगातलं जिणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षा बरं असून चालत नाही. ऐकायला झकास, पण फिनलंडचं कोडं काही त्याने सुटत नाही. डेव्हिड गार्लंड हे स्वतः कायद्याचे प्राध्यापक. कैदी सुधारतो यावरचा विश्वास उडाला, गुन्ह्याची भीती मध्यमवर्गाच्या रोजच्या जगण्यात शिरली आणि राजकारण्यांनी ती हेरली, असं ते अमेरिका-ब्रिटनबद्दल मांडतात. मला हे जास्त पटतं.

वर्गात मी सुरुवात आपल्याच बोलण्यातून करतो. ‘अद्दल घडली पाहिजे’, ‘जरब बसली पाहिजे’, ‘केलं ते भोगू दे’, ‘सुधारेल बिचारा’. चारही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून एकाच आरोपीबद्दल ऐकू येतात, आणि प्रत्येकातून शिक्षेचा आकडा वेगळा निघतो. मग एकच खटला दोन कागदांवर देतो. एकावर बातमीसारख्या चार ओळी, दुसऱ्यावर कोर्टापुढची पूर्ण हकिकत. चार ओळीवाले बहुतेक वेळा जास्त वर्षं ठोकतात. कल्पना माझी नाही. डूब आणि रॉबर्ट्स या संशोधकांनी कॅनडात असा प्रयोग केला होता. बातमी वाचणाऱ्यांना शिक्षा सौम्य वाटली, कोर्टाचे कागद वाचणाऱ्यांना तसं वाटलं नाही.

संशोधनाचं म्हणाल, तर माझा ओढा निकालाआधीच भोगाव्या लागणाऱ्या शिक्षेकडे आहे. माल्कम फीली या अभ्यासकाने अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या खालच्या कोर्टाचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या दीड हजारांहून जास्त प्रकरणांत एकही ज्यूरीपुढे चाललं नाही आणि तुरुंगात गेले ते अगदी थोडे. पण तारखा, बुडालेली मजुरी, वकिलाची फी, जामिनाची धावपळ हे सगळं जमेस धरलं तर कज्जाच शिक्षेपेक्षा महाग पडत होता. मीही जामिनाचे अर्जच वाचत बसतो. कंटाळवाणं काम आहे, पण जामीन मिळूनही रक्कम न भरता आल्यामुळे आत राहिलेला माणूस त्यातच सापडतो, निकालपत्रात नाही.

नोकरीला उपयोग? फौजदारी वकिली करणार असाल तर शिक्षेच्या प्रमाणावर युक्तिवाद करताना नक्की होईल. कंपनी कायद्याकडे जाणार असाल तर फारसा नाही, उगाच कशाला खोटं सांगू.

लेखी परीक्षेला निम्मेच गुण ठेवलेत. उरलेल्या गुणांसाठी एक अख्खा दिवस दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात बसायचं आणि घड्याळ लावून प्रत्येक प्रकरणाला किती मिनिटं मिळाली ते लिहायचं. नाव घालण्याआधी एकदा तसं बसून बघा, वही मात्र मोठी न्या.