वसंतात आम्ही दोघांनी पुण्यात कुठे फिरावं, आणि ट्युलिप बघायला हॉलंडला जाणं खरंच वसूल होतं का?

तुम्ही लिहिलंय की दोघंही नुकतेच नोकरीतून मोकळे झालात, कोथरूडला राहता, गर्दीचा कंटाळा आहे आणि फेब्रुवारी ते एप्रिल एवढ्यात फिरून घ्यायचंय. त्यात युरोपातलं एखादं शहर बसवता येईल का, हेही विचारलंय. बसतं, अगदी आरामात बसतं. आपल्याकडचा फुलोरा ओसरायला लागतो तेव्हा तिकडे कुठे कळ्या उमलायला लागतात.

मात्र तारखा ठरवताना एक गोष्ट धरून चाला. झाडं सूर्याकडे बघून फुलतात, आपले सण चंद्राकडे बघून येतात. काटेसावर फेब्रुवारीत फुलायची ती फुलणारच, पण पाडवा २०२६ मध्ये १९ मार्चला आणि २०२७ मध्ये थेट ७ एप्रिलला. ‘पाडव्याला जोडून सुट्टी काढू आणि पळस बघू’ असं म्हणाल तर एखाद्या वर्षी नुसत्या शेंगा बघून परत याल. तुम्हाला आता सुट्टी काढायची नाही, हा केवढा फायदा आहे बघा. मंगळवारी सकाळी निघा. शनिवार-रविवार नोकरदारांना राहू द्या.

आमची सुरुवात दरवर्षी एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनापासून होते. ते प्रजासत्ताक दिनाच्या आसपास असतं, म्हणजे पंचांगाप्रमाणे वसंत अजून लांबच. प्रदर्शन बघा, बोन्सायपुढे उभे राहा, रोपं विकत घ्यायचा मोह आवरा (आवरत नाही, आमच्या बाल्कनीत आता कपडे वाळत घालायला जागा नाही). पण मला विचाराल तर ती ३९ एकरांची बाग प्रदर्शन आवरल्यावर जास्त छान. जुनी उंच झाडं, त्यांच्यावर चढलेल्या मांडीएवढ्या जाड वेली, मधून वाहणारा ओढा. डबा घेऊन गेलात तर अख्खी दुपार निघते.

फेब्रुवारीचा मान काटेसावरीचा. वेताळ टेकडीवर किंवा विद्यापीठाच्या आवारात एखादं झाड हेरून ठेवा आणि उन्हं वर यायच्या आत त्याच्याखाली नुसते उभे राहा. फांदीवर पान म्हणून नाही, सगळं झाड लाल. वर मैना, कावळे, सूर्यपक्षी, खारी आणि थव्याने आलेल्या भोरड्या यांची नुसती हाणामारी चाललेली असते, कारण प्रत्येक फुलात मध. मध्येच एखादं अख्खं फूल सुटतं आणि ‘थप्प’ करून आपटतं. पहिल्यांदा दचकायलाच होतं. उचलून बघा: पाकळी चामड्यासारखी जाड, बोटांना चिकटा लागतो आणि आत एखाददुसरी मुंगी अजून कामावर असते. माझ्या नवऱ्याला झाडाचं नाव, कूळ, मूळ देश कळल्याशिवाय पुढे पाऊल टाकवत नाही आणि मला तासाभराने चहा लागतो. म्हणून आमचा नियम असा, की एका सकाळी एकच झाड किंवा एकच बाग, आणि साडेनऊला पोहे. दोघांचा स्वभाव निराळा असेल तर हा नियम तुम्हालाही मानवेल.

रस्त्याकडेच्या गुलाबी टॅबेबुयाचे फोटो ‘पुण्यातली चेरी ब्लॉसम’ म्हणून दरवर्षी फिरतात. झाड मूळचं अमेरिका खंडातलं, दिसतं सुरेख, पण त्यासाठी मुद्दाम गाडी काढू नका. सिग्नलला थांबलात की समोर असतंच. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. पाणी, हिरवळ, लाकडी पूल सगळं छान, पण फुलांचा बहर शोधायला तिथे जाऊ नका, संध्याकाळी पाय मोकळे करायला जा. गाडी काढायचीच असेल तर मार्चमध्ये मुळशीवरून ताम्हिणीकडे काढा. पळस-पांगारा तर दिसतोच, पण खरं बघायचं ते कुसुमाचं झाड. फुलांकडे कुणी बघत नाही त्याच्या, नवी पालवीच अशी लालभडक फुटते की लांबून झाडच पेटल्यासारखं वाटतं. आठ-पंधरा दिवसांत ती हिरवी होऊन जाते आणि मग तेच झाड ओळखूही येत नाही.

सणांपैकी दोनच सांगते, बाकीचे तुम्ही करताच. चैत्रात दगडूशेठ गणपतीला मोगऱ्याचा महोत्सव असतो. तो शक्यतो सकाळी लवकर गाठा, संध्याकाळी बुधवार पेठेत पाय ठेवायला जागा नसते. आणि चैत्रगौरीचं हळदीकुंकू. तुमच्या ह्यांना तिथे काय काम, असं वाटेल, पण आमच्याकडे कैऱ्या किसण्यापासून आंब्याची डाळ कालवण्यापर्यंतचं खातं नवऱ्याकडे आहे आणि बायका डाळीची कृती त्यालाच विचारतात. बहावा बघायला एप्रिलअखेर उजाडते, तोवर तुम्ही हॉलंडहून परत आलेले असाल.

आता हॉलंड. नुसते ट्युलिप बघायचे असतील तर खरं सांगू का, श्रीनगरला जा. दल सरोवराजवळ झबरवान डोंगराच्या पायथ्याशी इंदिरा गांधी स्मृती ट्युलिप उद्यान आहे, साधारण ३० हेक्टरचं. मार्चअखेर उघडतं, महिनाभर चालतं, व्हिसा नको, भाषेची अडचण नको. पण तुम्ही ‘शहर’ म्हणालात, म्हणून पुढचं.

सहल कंपन्या ॲमस्टरडॅमला उतरवतात आणि क्यूकेनहॉफच्या बागेत चार तास सोडतात. तुम्ही मुक्काम लायडनला करा. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरून रेल्वेने पंधरा-वीस मिनिटं, कालव्यांचं जुनं विद्यापीठगाव, सगळं चालत होतं, भिंतींवर देशोदेशीच्या कविता रंगवलेल्या. बुधवारी आणि शनिवारी कालव्याकाठी बाजार भरतो. बागेच्या हंगामात लायडन सेंट्रलहून थेट बस असते.

क्यूकेनहॉफ लिसे गावात आहे. १९५० पासून लोकांसाठी खुली, ३२ हेक्टर, दरवर्षी सुमारे ७० लाख कंद हाताने लावतात आणि बाग उघडी राहते जेमतेम आठ आठवडे, मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत. ट्युलिपचा भर साधारण एप्रिलच्या मध्याला. तिकीट वेळेच्या स्लॉटप्रमाणे ऑनलाइन काढायचं, तर सकाळी उघडतानाचा पहिला स्लॉट घ्या आणि अकराच्या सुमारास पर्यटकांच्या बस यायला लागल्या की बाहेर पडा. ईस्टरची सुट्टी टाळा, तोही चंद्रावर फिरतो: २०२७ ला २८ मार्चला आहे. बाग सुंदर आहे, वाद नाही, पण फार विंचरलेली. मला खरी मजा आली ती बाहेरच्या शेतांत. तिथे फूल हे पीकच नव्हे, पीक म्हणजे जमिनीखालचा कंद. म्हणून ऐन बहरात एक यंत्र वाफ्यांवरून फिरतं आणि फुलांची मुंडकी छाटत जातं, म्हणजे झाडाची ताकद बी धरण्यात न जाता कंदात उतरते. आदल्या दिवशी लालजर्द असलेला पट्टा दुसऱ्या दिवशी नुसता हिरवा, आणि बांधाला पाकळ्यांचा ढीग. मला हळहळ वाटली. नवरा खूश, म्हणे अखेर कुणीतरी फुलांकडे शेतकऱ्याच्या नजरेने बघतंय. शेतात मात्र पाय घालू नका. फोटोसाठी आत शिरणाऱ्यांमुळे ते लोक वैतागलेले आहेत.

पुण्यात कुंडीत ट्युलिप का येत नाही, हे तुमच्या मनात आलं असेल. कंदाला फुलण्याआधी तीन-चार महिने चांगली थंडी लागते, आपला डिसेंबर त्याला पुरत नाही.

लायडनमध्येच हॉर्टस बोटॅनिकस आहे, १५९० साली विद्यापीठाने स्थापलेली वनस्पतिबाग. हॉलंडच्या ट्युलिपची गोष्ट सुरू झाली ती इथून. क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने कंद लावले आणि १५९४ मध्ये फुलं आली. फूल मूळचं तुर्कांच्या मुलखातून आलेलं. एवढ्याशा बागेत आम्ही क्यूकेनहॉफपेक्षा जास्त वेळ काढला, कारण प्रत्येक झाडापाशी पाटी आणि प्रत्येक पाटीपाशी नवरा. तिथे एक जपानी बागही आहे. पु. ल. उद्यान बघून गेलात तर दोन्हींची तुलना करायला गंमत येते.

फुलांच्या रथांची एक मिरवणूकही असते, एप्रिलमधल्या एका शनिवारी, नोर्डवाइकपासून हार्लेमपर्यंत, चाळीसेक किलोमीटर. दिवसभर चालते. विसर्जन मिरवणुकीला उभं राहायची सवय असलेल्यांना सोपं जाईल, ढोल नाहीत एवढंच. त्या दिवशी क्यूकेनहॉफचं तिकीट काढू नका, लिसेकडचे रस्ते तुंबतात. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस, सगळा देश नारिंगी कपड्यांत आणि रस्त्यावर जुन्या वस्तू विकत बसलेला. ॲमस्टरडॅममध्ये त्या दिवशी श्वास घ्यायला जागा नसते, लायडनमध्ये निभावतं.

थंडी पुण्याच्या हिशेबाने कडकच, एप्रिलमध्येही पहाटे चार-पाच अंश, आणि पाऊस कधीही. छत्री वाऱ्याने उलटते, टोपीचा रेनकोट न्या. शाकाहारी असाल तर इंडोनेशियन खानावळी शोधा, शेंगदाण्याच्या रश्शातली भाजी आणि टोफू-भात आपल्या जिभेला चालतो. मासा टाळायला मात्र सांगावं लागतं.

तुमच्या जागी असते तर २०२७ धरलं असतं. ७ एप्रिलला घरी गुढी उभारायची, दोन-तीन दिवसांत निघायचं, ट्युलिपचा भर गाठायचा आणि अक्षय्य तृतीयेला आंबे खायला परत. हॉलंडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही जातीने जावं लागतं. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. फराळाचे डबे रिकामे झाले की बँकेची स्टेटमेंटं काढायला घ्या.