समासातली नावं

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गावाचा इतिहास लिहायला घेतलास, फार बरं केलंस. पण निम्मं पत्र कुरकुरीतच गेलंय: पुणं लांब, दफ्तरखान्यात कुणी उभं करत नाही, गावच्या वाचनालयात कादंबऱ्यांपलीकडे काही नाही, इथे बसून काय होणार? म्हणून आज तुला बीडबद्दल लिहितो. मराठवाड्यातलं बीड नव्हे. हा बीड इंग्लंडच्या उत्तरेकडे, नॉर्थम्ब्रिया नावाच्या राज्यात साधारण ६७३ साली जन्मलेला ख्रिस्ती साधू.

सातव्या वर्षी नातेवाइकांनी त्याला वेअरमथच्या मठात सोपवलं. पुढे जवळच्याच जॅरोच्या मठात त्याचं आयुष्य गेलं. तिसाव्या वर्षी तो धर्मगुरू झाला आणि ७३५ साली तिथेच वारला. मध्ये लिंडिसफार्न बेटावरचा मठ, यॉर्क शहर असा थोडाफार प्रवास, बाकी मठ, प्रार्थना, शिकवणं, लिहिणं. आपले इतिहासकार वि. का. राजवाडे दप्तरं शोधत गावोगाव हिंडले; हा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. तरीही ७३१ साली त्याने इंग्रज लोकांचा धर्मेतिहास पाच भागांत पुरा केला, आणि त्या काळाच्या इंग्लंडबद्दल लिहिणाऱ्याला आजही त्याच्या दारावरून जावंच लागतं. ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजण्याची रीत इतिहासात रुळली तीही बरीचशी या ग्रंथामुळे.

यावरून घरबसल्या सगळं जमतं असं मात्र समजू नकोस. बीड बसू शकला, कारण दुसरं कुणीतरी फिरत होतं. मठाचा संस्थापक बेनेडिक्ट बिस्कप पुन्हा पुन्हा रोमला गेला आणि येताना पुस्तकं घेऊन आला. त्या पुस्तकांत जे नव्हतं ते बीडने माणसांना पत्रं लिहून मागवलं. कँटरबरीचा मठाधिपती आल्बिनस याने त्याला या कामाला प्रवृत्त केलं आणि तिकडची माहिती पुरवली. ती पोचवली लंडनच्या नॉथेल्म या धर्मगुरूने. हाच पुढे रोमला जाऊन पोपच्या दफ्तरातून जुनी पत्रं उतरवून घेऊन आला. दक्षिणेकडच्या वेसेक्स राज्याची हकिकत विंचेस्टरच्या बिशप डॅनियलने लिहून कळवली, मध्य इंग्लंडातल्या मर्शिया राज्याची लास्टिंगहॅमच्या मठातल्या साधूंनी. जॅरो म्हणजे काही जगाचं टोक नव्हतं. मरण्यापूर्वी बीडने आपल्या पेटीतल्या चारदोन चिजा सोबत्यांना वाटल्या, त्यांत थोडी मिरी होती. ती आपल्या मलबारकडचीच असणार!

आता मुद्द्यावर येतो. ही सगळी नावं मला कशी कळली? बीडनेच ती प्रस्तावनेत दिली आहेत, कुठल्या प्रांताची माहिती कुणाकडून आली ते सांगून. या ग्रंथाच्या आधी बायबलातल्या ल्यूकच्या शुभवर्तमानावर भाष्य लिहिताना त्याने आणखी एक केलं होतं. अँब्रोझ, ऑगस्टीन, ग्रेगरी, जेरोम या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितांपैकी ज्याचं वाक्य घेतलं, त्याच्या नावाची अक्षरं समासात घातली, आणि नकला करणाऱ्यांना विनवलं की ही अक्षरं गाळू नका. बऱ्याच जणांनी गाळलीच. नक्कल करणाऱ्याला समासाचा कंटाळा येतो, हे तेराशे वर्षांत बदललेलं नाही.

तुझं पहिलं प्रकरण मी वाचलं. भाषा चांगली आहे. पण ‘जुने लोक सांगतात’ हे काय? कोण जुने लोक? पाटलांच्या वाड्यातली आजी की देवळाचे गुरव? त्यांनी स्वतः पाहिलं की आजोबांकडून ऐकलं? ऐकीव गोष्ट लिहायला काहीच हरकत नाही. बीडने भरपूर लिहिल्या, चमत्कारसुद्धा लिहिले, पण सांगणारा कोण हे जमेल तिथे सोबत सांगितलं. म्हणून आज आपण त्याच्याशी भांडू शकतो.

भांडावं लागतंच. ईस्टर हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण कधी पाळायचा या वादात तो रोमच्या बाजूचा, आणि वेल्सकडच्या ब्रिटनांवर, म्हणजे इंग्रजांच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर, त्याचा राग. चेस्टरच्या लढाईत प्रार्थनेला आलेले ब्रिटनांचे सुमारे १२०० साधू कापले गेले असं तो लिहितो, आणि वर म्हणतो की त्यांना शिक्षा होईल हे भाकीत खरं झालं. ते वाचताना मला आजही त्याचा संताप येतो. पण त्याच हाताने त्याने लिंडिसफार्नचा बिशप एडन याचं चरित्रही लिहिलं. एडनचा ईस्टर त्याच्या मते चुकीचाच. तरी त्याचा साधेपणा आणि गरिबांवरची माया त्याने मोकळेपणाने लिहिली, ईस्टरबद्दलचा मतभेदही लपवला नाही. तुझ्या गावात ज्या घराण्याशी तुमचं पिढीजात वाकडं आहे, त्यांच्यावरचं प्रकरण लिहिताना हे आठव.

गावातच राहिल्याने काय मिळतं, तेही सांगतो. जॅरो टाइन नदीकाठी, आणि तिथे समुद्राची भरती आत येते. बीडने ७२५ सालच्या कालगणनेच्या ग्रंथात लिहिलं की एकाच किनाऱ्यावर भरतीची वेळ ठिकाणागणिक वेगळी असते, पण ज्या त्या ठिकाणी चंद्राशी तिचं नातं ठरलेलं असतं. रोमहून आलेल्या पुस्तकांत हे नव्हतं, किनाऱ्यावरच्या लोकांना ठाऊक होतं. तुझ्या गावची विहीर, बारव, पाणी वाटून घेण्याची पाळी कुठल्या दफ्तरात सापडणार आहे?

देवळाचं साल अलीकडचं निघालं तर लोक चिडतील, ही तुझी भीती खरी आहे. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापर्यंत ३९५२ वर्षं होतात असं बीडने ७०३ साली मांडलं. तेव्हा पाच हजारांच्या वरचा आकडा रूढ होता. काही वर्षांनी एका बिशपच्या पंक्तीत दारू प्यालेल्यांनी त्याला पाखंडी ठरवलं. त्याने संतापून लांबलचक पत्र लिहिलं, आधार दाखवले, आणि पुढच्या ग्रंथात तोच आकडा कायम ठेवला. आज आपल्या लेखी तो आकडा चूकच आहे, पण तो कुठून आला हे त्याने उघड केलं होतं.

लिंडिसफार्नचा संत कथबर्ट याचं चरित्र लिहिल्यावर मात्र त्याने वेगळी खबरदारी घेतली. मसुदा तिथल्याच जाणत्या साधूंपुढे दोन दिवस वाचला गेला, आणि मगच नक्कल करायला दिला. तूही छापण्यापूर्वी देवळात चार म्हाताऱ्यांना बसवून वाच. ज्याची हरकत येईल ती त्याच्या नावासकट टिपून घे. पटली नाही तरी टीप ठेव. तोवर पहिलं प्रकरण पुन्हा लिहून पाठव, डावीकडे चार बोटं जागा सोडून. गुरवांचं नाव तिथे दिसलं पाहिजे.